लेविन गावची भेट

न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या मराएवर, म्हणजे त्यांच्या सामाईक सभास्थानी, पाहुणा म्हणून जाताना कोणी रिकाम्या हाताने जात नाही. पूर्वी बरोबर खाण्याचे जिन्नस नेत, आता बहुधा पाकिटात घालून पैसे देतात. या देण्याला ‘कोहा’ म्हणतात. कोशात त्याचा अर्थ ‘भेट’ असा मिळेल, पण मला त्याच्या जास्त जवळचा वाटतो तो आपला आहेर. लग्नघरात कोणी काय आहेर केला याची वही ठेवतात. उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की आपण काय न्यायचे, हे त्या वहीवरून ठरते. कोहाचेही तसेच आहे. घेणाऱ्यावर त्याचे ओझे नसते, पण घेतल्याची जाणीव मात्र राहते आणि कधीतरी, कोणत्या तरी रूपात, ती भेट पुढे जाते किंवा परत येते.

हे नाव १९९९ साली एका संगणकप्रणालीला दिले गेले. ग्रंथालय चालवायला लागणारे जवळजवळ सगळे काम ही प्रणाली करते. पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, सभासदांची खाती, उशिराचा दंड, नवी खरेदी, मासिकाचा कोणता अंक अजून आलेला नाही याची आठवण, आणि वाचकाला घरबसल्या पुस्तक शोधता येईल असे पान. आज जगभरातली हजारो ग्रंथालये ती वापरतात. ती वापरण्यासाठी परवान्याचे शुल्क नाही आणि तिचा सगळा सोर्स कोड उघडा आहे. तो कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. मुक्तस्रोत म्हटले की आपल्याला लिनक्स किंवा फायरफॉक्स आठवते. मी इथे मुद्दाम कोहा निवडली, कारण तिची सुरुवात कोणा मोठ्या कंपनीत झाली नाही आणि विद्यापीठातही झाली नाही. ती एका छोट्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाली.

ते गाव लेविन. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, राजधानी वेलिंग्टनपासून शंभरेक किलोमीटरवर. हा होरोफेनुआ जिल्हा. नकाशावरच्या रोमन अक्षरांवरून आपण होरोव्हेनुआ वाचू, पण माओरी उच्चार ‘फ’कडे झुकतो. लेविन, फॉक्सटन आणि शॅनन या तीन गावांतली वाचनालये ‘होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्ट’ हा न्यास चालवत असे. साऱ्या जिल्ह्याची वस्ती तेव्हा तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गाव.

१९९९ मध्ये या न्यासापुढे अडचण उभी राहिली. त्यांची संगणकप्रणाली बारा वर्षांची जुनी होती आणि तिला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळत. ‘वायटूके’ म्हणून त्या वेळी गाजलेली हीच ती अडचण. बँका आणि विमानतळांच्या बाबतीत तिची चर्चा खूप झाली. वाचनालयाच्या काउंटरवर तिचा अर्थ काय होता ते पाहू. एखाद्या आजीबाईंनी ३० डिसेंबर १९९९ ला कादंबरी नेली. दोन आठवड्यांनी, १३ जानेवारीला ती परत करायची. प्रणालीच्या लेखी परतीची तारीख १३-०१-००, आणि ‘००’ म्हणजे तिला १९००. आजीबाई पुस्तक पिशवीत घालून दारापर्यंत पोहोचायच्या आधीच ते जवळजवळ शंभर वर्षे थकलेले! दंडाची गणिते, राखून ठेवलेल्या पुस्तकांच्या रांगा, सभासदत्वाच्या मुदती, सगळेच कोलमडणार.

बाजारात तयार प्रणाल्या होत्या, पण त्या मोठ्या शहरांच्या मापाने शिवलेल्या. किंमत मोठी, शिवाय शाखांना जोडायला स्वतंत्र वाहिनी हवी आणि तिचे भाडे दरमहा भरा. फॉक्सटन आणि शॅननच्या शाखा मुख्य वाचनालयाशी जोडायच्या तर हाताशी साधी टेलिफोनची तार आणि मोडेम एवढेच होते. वाचनालयाच्या प्रमुख रोझली ब्लेक आणि त्यांच्या सहकारी जोआन रॅन्सम यांनी वेलिंग्टनमधल्या ‘काटिपो कम्युनिकेशन्स’ या छोट्या वेब कंपनीशी बोलणे सुरू केले. काटिपो हे न्यूझीलंडच्या समुद्रकिनारी सापडणाऱ्या एका विषारी कोळ्याचे नाव. जाळे विणणाऱ्यांनी ते घेतले होते. कंपनीने सुचवले, की जुन्याला ठिगळे लावण्यापेक्षा आणि परवडत नाही ते विकत घेण्यापेक्षा आपण नवीनच बांधू. ब्राउझरमध्ये चालेल असे, आणि मोडेमच्या वेगात भागेल असे.

या सल्ल्यात धोका मोठा होता. सप्टेंबरात काम सुरू करायचे आणि ३१ डिसेंबर तर कोणासाठी थांबणार नाही. काटिपोकडून रेचेल हॅमिल्टन-विल्यम्स, क्रिस कॉरमॅक, ओल्वेन विल्यम्स, सायमन ब्लेक ही मंडळी कामाला लागली. त्यांनी सामग्री निवडली तीही बहुतांशी मुक्तच: लिनक्स, पर्ल ही भाषा, मायएसक्यूएल हा विदागार. देवघेवीच्या टेबलावर कर्मचाऱ्यांसाठी नुसता अक्षरांचा पडदा ठेवला. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरूनही तो झटकन उमटे. वाचकांसाठी मात्र वेबचे पान. ३ जानेवारी २००० रोजी, सुट्टी संपवून वाचनालयांची दारे उघडली तेव्हा देवघेव कोहावर सुरू झाली.

त्या पहिल्या बांधकामाच्या विटा आजही जागेवर आहेत. कोहाच्या विदागारात सभासदांच्या तक्त्याचे नाव अजून ‘बॉरोअर्स’ आहे, पुस्तकाच्या नोंदीचा तक्ता ‘बिब्लिओ’ आणि प्रत्यक्ष प्रतींचा ‘आयटम्स’. लेविनच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला जसे जग दिसते तशीच ही मांडणी आहे: एक कृती, तिच्या काही प्रती, आणि त्या घरी नेणारी माणसे. वाड्याचे मजले वाढले, पण जोते तेच.

आता मुद्द्याची गोष्ट. ही प्रणाली बांधून झाल्यावर न्यासाला ती विकता आली असती. तसे त्यांनी केले नाही, आणि त्यामागचे कारण नुसते औदार्याचे नव्हते, व्यवहाराचेही होते. वाचनालयाला सॉफ्टवेअर विकण्याचा धंदा करायचा नव्हता. काटिपो छोटी कंपनी होती. उद्या ती बंद पडली, तिथली माणसे दुसरीकडे गेली, तर आपल्या प्रणालीला हात लावणारे कोणी उरेल का, ही काळजी होती. उपाय असा निघाला, की कोड जीपीएल या परवान्याखाली जगाला देऊन टाकायचा. जीपीएल ही रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची देणगी. तिची अट थोडक्यात अशी: घ्या, वापरा, बदला, विका, पण बदललेले दुसऱ्याला देताना त्याला कोडही द्या, आणि तुम्हाला मिळालेले सगळे हक्कही. जितकी जास्त ग्रंथालये वापरतील तितके जास्त हात ती जपायला मिळतील. आपली वस्तू आपल्याच हाती राहावी म्हणून ती सर्वांना देऊन टाकणे, असा हा विचार होता. मला तो या साऱ्या गोष्टीतला सर्वांत शहाणपणाचा क्षण वाटतो. तो क्षण आला एका वाचनालयाच्या गरजेतून, संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून नव्हे.

या विचाराची किंमत मला एका वाचनालयात कळली होती. तिथे एका स्थानिक विक्रेत्याने बनवून दिलेली प्रणाली होती. काही वर्षांनी विक्रेत्याने धंदा बदलला, संगणक बिघडला. नोंदींच्या फायली वाचल्या होत्या, पण त्या उघडणारे काहीच उरले नव्हते. कर्मचाऱ्यांनी हाताने टंकलेल्या हजारो नोंदी डब्यात बंद झाल्या आणि ग्रंथपाल पुन्हा दाखल रजिस्टरकडे वळले. पुस्तके कपाटातच होती, हरवली होती ती त्यांची आठवण.

लेविनच्या भेटीची पहिली मोठी परतफेड आली अमेरिकेतून. २००२ मध्ये ओहायो राज्यातल्या अथेन्स काउंटीच्या नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाने कोहा निवडली. पण तिथे एक अडले. लेविनची मूळ प्रणाली ‘मार्क’ जाणत नव्हती. मार्क ही पुस्तकाची नोंद यंत्राला वाचता येईल अशी लिहिण्याची रीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्राम यांनी ती १९६० च्या दशकात घडवली. तिच्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक ठरलेला. लेखक १००, शीर्षक २४५, आयएसबीएन ०२०. ही रीत वापरणाऱ्या कोणत्याही ग्रंथालयात २४५ म्हटले की शीर्षक. त्यामुळे एकाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उचलता येते. लहानशा लेविनला त्यावाचून चालत होते, मोठ्या ग्रंथालयाला चालणार नव्हते. नेल्सनव्हिलने पैसे घातले आणि मार्कची सोय करवून घेतली. काम जीपीएलखाली झाले, म्हणून ती सोय लेविनलाही मिळाली, इतर सर्वांनाही. दरम्यान फ्रान्समधले पॉल पुलँ कामात उतरले. फ्रान्समध्ये चालणारी युनिमार्क ही वेगळी रीतही कोहाला येऊ लागली. २००८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीत डेन्मार्कच्या इंडेक्स डेटा या कंपनीचे ‘झेब्रा’ हे शोधयंत्र जोडले गेले आणि लाखो नोंदींच्या संग्रहातही शोध चटकन लागू लागला.

इथपर्यंतची गोष्ट चढती आहे. पुढे दुखणे आले. नेल्सनव्हिलमध्ये कोहावर काम केलेल्या जोशुआ फेरारो यांनी २००५ मध्ये ‘लिबलाइम’ ही कंपनी काढली होती. ग्रंथालयांना कोहा बसवून देणे आणि सांभाळणे हा तिचा व्यवसाय. २००७ मध्ये काटिपोचा कोहाविषयीचा सगळा व्यवहार तिने विकत घेतला. कोहाचे संकेतस्थळही तिच्याकडे आले. २००९ मध्ये तिने आपल्या ग्राहकांसाठी वेगळी आवृत्ती चालवायला घेतली आणि तिच्यातल्या सुधारणा सामाईक कोडात ताबडतोब येणार नाहीत असे दिसू लागले. यात परवान्याचा भंग नव्हता, हे नीट समजून घ्यायला हवे. जीपीएल म्हणते, प्रत ‘देताना’ कोड द्या. पण कंपनी प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवते आणि ग्राहक ती इंटरनेटवरून नुसती वापरतो, तेव्हा प्रत कोणाला दिलेलीच नसते. परवाना लिहिला गेला त्या काळी ही फट कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

जगभरातले कोहाकर दुखावले. ज्याला त्याला वाटले, आपण आहेर केला आणि यजमानांनी दार लावून घेतले. पण कोड सर्वांच्या हाती होता, म्हणून त्यांना दुसरे घर मांडता आले. नवे संकेतस्थळ उभे केले, कामाची सगळी व्यवस्था तिकडे नेली, आणि सामाईक मालमत्ता कोणाच्या नावे ठेवायची यावर एकमत झाले: लेविनच्या त्या मूळ न्यासाच्या. २०१० मध्ये लिबलाइम कंपनी ‘पीटीएफएस’ या अमेरिकी कंपनीने घेतली.

आता एक योगायोग, आणि तो आपल्या अंगणातला. कोहा वापरणारे आणि घडवणारे लोक ‘कोहाकॉन’ नावाचे संमेलन भरवतात. ते पॅरिसला झाले, वेलिंग्टनला झाले, आणि २०११ च्या ऑक्टोबरअखेरीस ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात झाले. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या गावात जगभरचे ग्रंथपाल आणि प्रोग्रामर आठवडाभर जमले. भाषणे झाली, मग शेजारी शेजारी बसून कोड लिहिण्याचे दिवस झाले. ही मंडळी घरी परतून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच न्यूझीलंडमधून बातमी आली, की ‘कोहा’ या नावाचा ट्रेडमार्क त्या देशात त्या अमेरिकी कंपनीला मंजूर होऊ घातला आहे.

भेट या अर्थाचा माओरी शब्द, त्या शब्दाच्या देशात, ती भेट ज्यांनी दिली त्यांच्यापासून दूर एका कंपनीच्या मालकीचा होणार! लेविनच्या न्यासाने मदतीची हाक दिली. वकील पुढे आले, अनोळखी माणसांनी पैसे पाठवले, बातमी जगभर गेली. नाव न्यासाला द्यायला आपण तयार आहोत असे कंपनीनेही जाहीर केले. बराच काळ हा वाद कागदोपत्री चालला, पण नाव शेवटी त्या कंपनीच्या मालकीचे झाले नाही. या प्रसंगातून मुक्तस्रोतवाल्यांना एक गोष्ट कळली. परवाना कोडाचे रक्षण करतो. नाव, संकेतस्थळ आणि बोधचिन्ह यांचे रक्षण वेगळे करावे लागते. आज पुष्कळ मुक्त प्रकल्प सुरू होतात तेव्हा नाव कोणत्या संस्थेच्या नावे नोंदवायचे हे आधी ठरवतात, त्यामागे अशा ठेचा आहेत.

दुसरी दुरुस्ती कामाच्या चालीत झाली. ३.० पासून ३.२ पर्यंत यायला २६ महिने लागले होते. इतका काळ सुधारणा अडकून पडल्या की माणसे कंटाळतात आणि आपापली वेगळी चूल मांडतात. म्हणून क्रिस कॉरमॅक यांच्याकडे सूत्रे आली तेव्हा नेम ठरला: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, जे तयार असेल ते घेऊन, जे नसेल ते पुढच्या खेपेला. पंढरीची वारी जशी तिथीला निघते तशी कोहा आता दर मे आणि नोव्हेंबरला निघते. २०१६ पासून आवृत्तीचा क्रमांकच वर्ष आणि महिना सांगतो. ३.२२ नंतर थेट १६.०५ आली. मे २०१६, एवढाच त्याचा अर्थ.

एखादी सुधारणा आत कशी जाते, तेही पाहण्यासारखे आहे. समजा कोणा ग्रंथपालाला दिसले, की पावतीवर तारीख चुकीच्या जागी छापली जाते. तो नोंदवहीत तक्रार घालतो, तिला क्रमांक मिळतो. कोणीतरी दुरुस्ती लिहून त्या क्रमांकाला जोडतो. मग दुसऱ्या माणसाने ती आपल्या यंत्रावर चालवून पाहायची आणि स्वतःच्या नावाने सही करायची. हा दुसरा माणूस प्रोग्रामर असायलाच हवा असे नाही. काउंटरवर बसणारा ग्रंथपाल सही करू शकतो, आणि पुष्कळदा तोच करतो, कारण पावती बरोबर आली का हे त्यालाच जास्त कळते. त्यानंतर गुणवत्ता तपासणाऱ्या गटातला तिसरा माणूस कोड वाचतो. शेवटी त्या खेपेचा निवडून आलेला आवृत्ती-व्यवस्थापक तो मुख्य कोडात घेतो. स्वतःच लिहिले आणि स्वतःच आत घातले, असे चालत नाही. प्रत्येक आवृत्तीबरोबर एक निवेदन निघते. त्यात कोणत्या ग्रंथालयाने कोणत्या सुधारणेसाठी पैसे दिले, कोणी किती दुरुस्त्या लिहिल्या, कोणी किती सह्या केल्या, कोणी भाषांतर केले, हे नावानिशी छापलेले असते. आहेराची वहीच ती.

पैशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कोहा फुकट मिळते याचा अर्थ ती फुकट चालते असा नाही. सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो, जुन्या नोंदी आणण्याचे कष्ट असतात, रोज प्रत काढून ठेवावी लागते. ‘परवाना शून्य’ एवढेच ऐकून प्रणाली बसवणाऱ्या संस्था पुढे अडचणीत येतात. फरक आहे तो पैसा कुठे जातो यात. इथे तो कामाला आणि माणसाला जातो, आणि काम करणारा नीट नसेल तर तुमच्या नोंदी उचलून दुसऱ्याकडे जाता येते. तुर्कस्तानने आपल्या हजारावर सार्वजनिक वाचनालयांसाठी कोहा घेतली. फिनलंडमध्ये ग्रंथालयांचे गट मिळून ती चालवतात आणि हव्या त्या सुधारणांचा खर्च वाटून घेतात.

पुढचा बेत काय? एखाद्या कंपनीसारखी पंचवार्षिक योजना कोहाकडे नाही. दर सहा महिन्यांनी निवडून येणारे व्यवस्थापक, महिन्याची खुली बैठक आणि ज्याला गरज तो पुढाकार घेणार, असा कारभार आहे. तरी वाट कुठे चालली आहे ते दिसते. झेब्रा म्हातारे होत चालले, म्हणून त्याच्या जोडीला इलॅस्टिकसर्च हे नवे शोधयंत्र आले आहे आणि त्याचे महत्त्व वाढते आहे. पूर्वी सर्व्हर आख्खे पान बनवून धाडत असे. आता आतले व्यवहार एका नेमक्या, लिखित भाषेत, म्हणजे एपीआयमधून करण्याकडे कल आहे, म्हणजे ग्रंथालयाचे मोबाइल अॅप किंवा महाविद्यालयाची प्रवेशप्रणाली कोहाशी थेट बोलू शकेल. ई-जर्नले आणि त्यांचे करार सांभाळण्यासाठी नोव्हेंबर २०२२ च्या आवृत्तीत नवा विभाग आला, त्याच आवृत्तीत कर्मचाऱ्यांच्या पडद्याची रचना नव्याने बसवली. एका वर्षाने जीर्ण पुस्तकांच्या जतनाचे काम नोंदवायचा विभाग आला. कोणते पुस्तक संवर्धनासाठी पाठवले, कोणत्या खेपेत गेले, परत आले का, हे सगळे त्यात ठेवता येते. जुने मराठी ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थांनी हा विभाग जरूर पाहावा.

मोठा प्रश्न मार्कचा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस ‘बिबफ्रेम’ नावाची नवी रीत घडवते आहे. तिच्यात नोंद म्हणजे एकमेकांना जोडलेल्या गोष्टींचे जाळे. कोहाचा सगळा सांगाडा मार्कभोवती उभा आहे. तो एका रात्रीत बदलणार नाही आणि बदलूही नये असे माझे मत आहे. लहान ग्रंथालयांना अजून २४५ पुरतो. माझी खरी काळजी वेगळी आहे. सह्या करणारे आणि तपासणारे हात थोडे आहेत. दुरुस्त्या लिहून तयार असतात आणि तपासणाऱ्याची वाट पाहत पडून राहतात. प्रणाली वापरणारी ग्रंथालये हजारो, आणि वहीतली नावे मात्र बहुतेक तीच ती.

यात आपला वाटा किती? महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत, अ, ब, क, ड वर्गांतली. महाविद्यालयांत इन्फ्लिबनेट या संस्थेची ‘सोल’ ही प्रणाली आहे, सरकारी ग्रंथालयांत एनआयसीची ‘ई-ग्रंथालय’ आहे, आणि कोहा वापरणारेही पुष्कळ आहेत. शिकण्याची सोय नाही असेही म्हणता येत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने कोहावर छोटे छोटे धडे तयार केले आहेत, संगणक समोर ठेवून पाहत पाहत शिकता येतील असे. आपण घेतो भरपूर, देतो कमी.

आणि देण्यासारखे काय आहे, ते एका पुस्तकाच्या नावावरून दाखवतो. ‘वाऱ्यावरची वरात’. पु. ल. देशपांड्यांचे हे पुस्तक नाही असे वाचनालय सापडणे कठीण. यातला ‘ऱ्या’ पाहा. पडद्यावर तो एकच दिसतो, पण युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, आणि मग ‘य’. कोणता कळफलक वापरता त्यावर कोणती तऱ्हा उमटेल ते ठरते. नोंद करणाऱ्याने एका तऱ्हेने टंकले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या, की यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. पुस्तक कपाटात आहे आणि पडद्यावर उत्तर येते: एकही नोंद नाही.

याच्याही अलीकडची पायरी बऱ्याच ठिकाणी चुकलेली असते. झेब्राला शब्द तोडायच्या दोन चाली येतात. एक रोमन लिपीला सोयीची, दुसरी ‘आयसीयू’, म्हणजे युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या जाणणारी. पहिली चाल ठेवून मराठी संग्रह बसवला तर काना-मात्रांपाशी शब्द फुटतात आणि ‘मृत्युंजय’सारखे नावही नीट सापडत नाही. दुसरी निवडून सगळ्या नोंदींची सूची पुन्हा बांधली, की बराचसा प्रश्न सुटतो. त्याहून जुना घोटाळा आहे तो युनिकोडपूर्व फाँटचा. अनेक वाचनालयांनी पूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये नोंदी केल्या. त्या मराठी दिसतात, पण आतली अक्षरे यंत्राला मराठी म्हणून ठाऊकच नसतात. त्या आधी रूपांतरित केल्याशिवाय कोणत्याही प्रणालीत घालू नयेत.

आयसीयूची मांडणी एका साध्या मजकुराच्या फायलीत असते आणि तिच्यात ‘हे अक्षर ते समजावे’ असे नियम लिहिता येतात. दोन्ही ‘ऱ्या’ एक समजावेत, अनुस्वाराचा ‘मंत्र’ आणि परसवर्णाचा ‘मन्त्र’ एकत्र सापडावेत, हे ठरवायला मराठी वाचणारा माणूस लागतो. वेलिंग्टनच्या किंवा मार्सेयच्या प्रोग्रामरला ही चूक दिसणारच नाही. पडद्यावर त्याला दोन्ही सारखेच दिसतील, आणि त्याने ते टंकायचे कारणही नाही. मराठी शब्द भरण्याचे भाषांतराचे काम तर ब्राउझरमध्ये बसून करता येते; त्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. ‘देवघेव’, ‘दाखल क्रमांक’, ‘वर्गणी’ हे आपल्या ग्रंथपालांच्या तोंडचे शब्द पडद्यावर यायचे असतील तर ते ग्रंथपालांनीच तिथे घातले पाहिजेत.

तुमच्या गावच्या वाचनालयात संगणकावर पुस्तके शोधायची सोय असेल, तर पुढच्या वेळी जाताना एवढे करा. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव दोन वेगळ्या कळफलकांवरून टंकून पाहा. एकदा सापडले आणि एकदा नाही, तर ग्रंथपालांना दाखवा. वाचनालय कोहावर चालत असेल, तर त्यांच्या शेजारी बसून ती तक्रार नोंदवा. नोंदवायला पैसे पडत नाहीत, आणि तिला क्रमांक मिळतो.